बिनसाजाची सायकल

लीलाधरने डोंगर सोडला, ही बातमी कुंदाला शेजारच्या सुनंदाबाईंकडून कळली. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या त्या कॉलनीत घरची बातमी आधी शेजारी पोचायची आणि मग घरी यायची, त्यात नवल नव्हतं. पण सुनंदाबाईंनी ती अशा सुरात सांगितली, की आपला नवरा तपश्चर्या अर्धवट टाकून गुहेतून परत आलाय असं कुंदाला क्षणभर वाटून गेलं.

वस्तुस्थिती साधी होती. विमा कंपनीत नोकरीला असलेला लीलाधर गेली तीन वर्षं दर रविवारी जाड टायरची, सरळ हँडलची सायकल घेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी जायचा. दगडगोट्यांतून, नाल्यांतून, सागाच्या पाचोळ्यावरून ती हाकायचा आणि संध्याकाळी अंगावर एखादं नवीन खरचटणं घेऊन प्रसन्न चेहऱ्याने घरी यायचा. कुंदा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली होती. त्यामुळे जंगलात काय काय असतं, हे तिला इतर बायकांपेक्षा जास्त शास्त्रशुद्ध माहीत होतं. लग्नानंतरचे पहिले रविवार तिने अस्वलाच्या काळजीत काढले. पुढे मुलगी झाली, जागृती, मग काळज्यांची गर्दी झाली, आणि अस्वलाच्या वाट्याला कमी वेळ येऊ लागला. शेवटी तिने मनाची एक समजूत घालून ठेवली होती: डोंगरात काहीही असो, ट्रक नसतात.

आणि आता हा माणूस म्हणत होता, डोंगर नको, सडक हवी.

झालं होतं असं, की मागच्या रविवारी यावलच्या रस्त्याने तो परत येत होता. जाड टायर डांबरावर भुंग्यासारखे गुणगुणत होते, पाय भरून आले होते. तेवढ्यात मागून कोणीतरी आलं आणि पुढे गेलं. पातळ चाकं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, आणि त्यावर आडवा झालेला एक अनोळखी माणूस. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं लीलाधर दोन दिवस म्हणत होता. हिणवणारं कोणी असलं की निदान रागावता येतं. त्या माणसाने त्याला रस्त्याकडेच्या बाभळीइतकंही लेखलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याने जाड टायरची सायकल ऑफिसातल्या एकाला देऊन टाकली आणि मग सगळी कॉलनी सल्ला द्यायला मोकळी झाली. सुनंदाबाईंचे यजमान जीवरामनाना म्हणाले, एवढीच हौस आहे तर मोपेड घे, पाय हलवायचे असतील तर तिलाही पायडल असतात. एकाने सांगितलं, पातळ चाक जळगावच्या रस्त्यावर टिकत नाही. दुसऱ्याने सांगितलं, जळगावचा रस्ताच चाकाखाली टिकत नाही. सुनंदाबाईंनी कुंदाला बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना, कारण माणसं अशी अचानक पंथ बदलतात तेव्हा घरात काहीतरी असतं. कुंदाने हसून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, पण तिच्या डोळ्यांसमोर मुंबई-कलकत्ता महामार्ग होता आणि त्याच्यावरून ट्रक येतच होते, एकामागे एक, मागे हिरव्या अक्षरांत शेरोशायरी लिहिलेले.

तिने दोन अटी घातल्या. सायकल निवडायला ती सोबत येणार. आणि सायकल घरी येईल ती बसच्या टपावरून, चालवत नाही. लीलाधर इतक्या चटकन कबूल झाला, की अटी कमी घातल्या की काय अशी तिला शंका आली.

तशी सायकल जळगावात नव्हती. धुळ्याला मोतीलालशेठच्या दुकानात एक आहे असं कळलं. कुंदाचं कॉलेज धुळ्यातच झालं होतं, हिलालआबांच्या घरी खोली घेऊन ती राहिली होती, तेव्हा त्यांना न सांगता धुळ्यात काही विकत घेणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार लावण्यासारखं झालं असतं. हिलालआबांनी उभा जन्म बैल घेण्यात आणि विकण्यात घालवला होता. सायकल घ्यायची आहे म्हणताच ते धोतर सावरत उठले, खांद्यावर उपरणं टाकलं आणि म्हणाले, तुम्ही दोघं तोंड उघडू नका.

मोतीलालशेठने छताला टांगलेली ती सायकल खाली उतरवली आणि वरचं फडकं काढलं.

कुंदाला वाटलं होतं, सायकल म्हणजे सायकल. पण हिच्यात सायकलीचं काही नव्हतं असं म्हटलं तरी चाललं असतं. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, साखळीवर झाकण नाही, घंटी नाही. सीट एवढीशी, वांग्याला देठ असावं तशी. आकाशी रंगाच्या चार नळ्या आणि दोन चाकं, त्या चाकांच्या तारा इतक्या बारीक, की उजेडात त्या नसल्यासारख्याच दिसत होत्या. कोणीतरी सायकलीचं चित्र काढायला घेतलं आणि अर्ध्यात उठून गेलं, तरी ते चित्र पुरं झालेलं होतं. मोतीलालशेठने तिला ती उचलून पाहायला सांगितलं. कडेवर जागृती होती. तिने दुसऱ्या हाताने नळी धरली, जोर लावायच्या बेताने दम घेतला, आणि सायकल वर आली. जागृती हिच्याहून जड होती, असं तिला त्या घटकेला अगदी शपथेवर सांगता आलं असतं. तिने ती हळूच खाली ठेवली. देवघरातलं काही आपण न विचारता उचललं, असं तिला वाटलं.

लीलाधर तिच्याकडे बघत होता. तिने लगेच चेहरा काळजीचा केला.

हिलालआबांवर मात्र असल्या गोष्टींचा परिणाम होत नसे. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, सीटवर थाप मारली, हँडलची दोन्ही टोकं धरून ओढून पाहिली. मोतीलालशेठला म्हणाले, जरा चालवून दाखव. शेठ चढायला लागले तर त्यांना थांबवलं: वर बसून नाही, हातात धरून. मग गिऱ्हाइकांनी भरलेल्या त्या रस्त्यावर मोतीलालशेठ सायकल हातात धरून ये-जा करत राहिले आणि आबा ओट्यावर उकिडवे बसून, बैलाची चाल पाहावी तसे, चाकांकडे टक लावून राहिले.

“पोरी, चाल दखनी पडस,” ते कुंदाला म्हणाले. “लंगडं नही शे.”

सौदा उपरण्याखाली झाला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात कापडाखाली जातात, बोटं दाबली जातात, आणि बाहेरच्यांना चेहऱ्यांवरून काय समजायचं ते समजावं लागतं. मोतीलालशेठने आयुष्यात कधी बैल विकला नव्हता. पण आबांचा हात उपरण्याखाली वाट पाहत होता, रस्त्यावर दहा माणसं जमली होती, आणि नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. शेठनी हात आत घातला. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग कळवळला, मग अगदी हताश झाला. भाव एका पैशानेही उतरला नाही, हे नंतर कळलं. कारण आबांनी दाबलेली बोटं शेठना समजलीच नव्हती आणि त्यांनी घाबरून भलत्याच गोष्टीला होकार दिला होता. आबांच्या हिशेबाने त्या होकाराचा अर्थ असा होता, की जनावराबरोबर सगळा साज फुकट.

“बिगर साजना बैल कोन लेस?” आबांनी जमलेल्यांना विचारलं. कोणीही घेत नाही, असं जमलेल्यांनी सांगितलं.

तो साज म्हणजे कॅरिअर, दणकट स्टँड, पुढचं-मागचं मडगार्ड, साखळीचं पत्र्याचं झाकण, दिव्याचा डायनामो, पुढची टोपली आणि घंटी. लीलाधर मधे पडायला गेला. तो सांगत होता, की हिच्यात काही नाही हीच तर हिची किंमत आहे. आबांना ते वाक्य इतकं वेडगळ वाटलं, की त्यांनी कुंदाकडे बघून समजूतदारपणे मान हलवली. आणि कुंदाने, जिने पाच मिनिटांपूर्वी ती सायकल एका हाताने उचलली होती, तिने आबांची बाजू घेतली. मडगार्ड असलं की चिखल डोळ्यात जात नाही. दिवा असला की दिसतं. घंटी असली की ऐकू येतं. शिवाय मागे एक लाल काच लावा, आणि हँडलला आरसा. जे जे बसवता येतं ते ते बसवलं, की ट्रक तेवढा लांब जातो, असं काहीसं गणित तिच्या मनात होतं. प्रत्येक नटाबरोबर लीलाधर थोडा थोडा खाली बसत गेला.

तासाभराने सायकल तयार झाली. लग्नात नवरदेवाला कर्ज काढून सजवावं तशी ती दिसत होती. मोतीलालशेठने स्वतः हार घातला. कुंदाने पुन्हा एकदा नळीला हात घालून पाहिला. सायकल जागची हलली नाही.

बसस्टँडवर सगळं सुरळीत झालं असतं, पण लीलाधरला टपावरच्या कापसाच्या गाठोड्यांची भीती वाटली. पातळ चाक चेपेल म्हणून त्याने खिशातला पाना काढून पुढचं चाक सोडवलं आणि ते हातात घेऊन उभा राहिला. कंडक्टरने चाकाकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं आणि त्यांना कंट्रोलरकडे पाठवलं. कंट्रोलर सज्जन होते. त्यांनी समजावून सांगितलं, की टपावर सायकल जाते, सुटे भाग जात नाहीत, ते पार्सलने जातात, आणि पार्सलचा माणूस जेवायला गेलाय. लीलाधरने तिथल्या तिथे चाक पुन्हा बसवलं. कंट्रोलरनी तेही कौतुकाने पाहिलं. पण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ती सुटी पाहिली होती, आणि आता ती सायकल आहे असं लिहून द्यायला त्यांचं मन घेईना.

“तुम्ही सायकल म्हणून आणली असतीत,” ते खेदाने म्हणाले, “तर सायकल म्हणून गेली असती.”

तेव्हा एकच मार्ग उरला, आणि तो महामार्गच होता.

लीलाधर खाली मान घालून, आवळलेलाच नट पुन्हा आवळत राहिला. एवढं भान त्याला होतं. कुंदा जागृतीला कडेवर घेऊन बसच्या दाराशी उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि बसमधले लोक खिडकीतून बघत होते म्हणून दोन्ही करता येत नव्हतं.

“एरंडोलपर्यंत जा,” ती म्हणाली. “मी खिडकीतून बघणार. तिथं बस थांबते. मी खाली उतरले, तर समजायचं. सायकल तिथंच कुणाच्या दुकानात ठेवायची, बसमध्ये बसायचं, आणि घरात पुन्हा हा विषय नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

“आणि डोंगर?”

“डोंगर तुम्हीच सोडलात.”

तो टांग मारून गेला. बस सुटायला अजून वेळ होता, ड्रायव्हर चहा पीत होता. कुंदा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसली. शेजारी पारोळ्याकडच्या, जळगावला निघालेल्या एक बेबाबाई येऊन बसल्या, मांडीवर मेथीची जुडी आणि चौकशीला भरपूर उत्साह. कुठे जायचं, कुठून आलात, लेकरू किती वर्षांचं, एकट्याच का. एकटीच, असं कुंदा म्हणून गेली. मग ते दुरुस्त करायची वेळ निघून गेली.

धुळे सुटल्यावर बऱ्याच वेळाने तो दिसला. आधी टोपली दिसली, उन्हात चमकणारं साखळीचं झाकण दिसलं, आणि मग तो. बसमध्ये एकदम चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं, बिचाऱ्याची बस चुकली असेल. कोणी म्हणालं, भांडी विकणारा आहे, मागे कॅरिअर बघा. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, घरी बायको नसणार, नाहीतर असं सोडलं असतं का. कुंदाने खिडकीबाहेर पाहत राहणं पसंत केलं. बसने त्याला मागे टाकलं तेव्हा जागृती तिच्या मांडीवर उभी राहून जोरात “पप्पा” म्हणाली.

बेबाबाईंनी वळून पाहिलं. कुंदा म्हणाली, लहान मुलं कोणालाही पप्पा म्हणतात. हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिचे कान गरम झाले. शास्त्र शिकलेल्या बाईने असं सरसकट विधान करायला नको होतं.

पारोळ्याला बसचं चाक पंक्चर झालं. सगळे खाली उतरले, कंडक्टर दगड शोधू लागला. कुंदा जागृतीला घेऊन लिंबाच्या सावलीत उभी राहिली आणि धुळ्याच्या दिशेने बघत राहिली. एक ट्रक आला, दुसरा आला. मग दोन ट्रकांच्या मधून, पांढऱ्या पट्टीच्या काठाने, तो येताना दिसला.

आणि तिने त्याला नीट पाहिलं. बघणं हेच तिचं काम होतं. जागृती रांगायला लागल्यापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं: काय कुठे सांडेल, कोण कुठे आपटेल, कुठलं बटण तोंडात जाईल. आणि घरातल्या आपटणाऱ्यांत लीलाधरचा नंबर जागृतीच्या आधी होता. दाराच्या चौकटी त्याच्या खांद्याला लागायच्या, कपातला चहा बशीत यायचा, उंबरा त्याला रोज नवीन वाटायचा. तो हा माणूस नव्हता. याची पाठ पाटासारखी आडवी होती. पाय असे फिरत होते, की ते कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते कळू नये. ट्रक त्याच्या बाजूने हवेचा लोंढा फेकत गेला, रस्त्याकडेचा पाचोळा उडाला, एका म्हाताऱ्याची टोपी उडाली. सायकलीचं चाक पांढऱ्या पट्टीवरून बोटभरसुद्धा सरकलं नाही.

तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. मागून ट्रक यायच्या आधी, हॉर्न वाजायच्याही आधी, त्याची मान किंचित वर होत होती. तो आरशात बघत नव्हता. तो ऐकत होता. रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट त्याला आधी कळत होती: खडी, खड्डा, मागचा ट्रक, पुढून रस्ता ओलांडायच्या विचारात असलेली शेळी. शेळीचा विचार शेळीच्याही आधी त्याला कळला. कुंदा घरात जशी सावध असते, अगदी तसाच, डोळ्यात तेल घालून, तो तिथे होता. फक्त त्याच्या सावधपणाला भीती वाटत नव्हती. त्याला त्याची मजा येत होती.

तो खडखडत त्यांच्यासमोरून गेला. टोपली थडथडत होती, झाकण साखळीला घासत होतं, मडगार्डचं काहीतरी सैल होऊन टिकटिक वाजत होतं. एवढ्या सगळ्या गोंगाटाच्या खाली एक माणूस अगदी शांतपणे उडत होता. चाक बदलणारेसुद्धा पाना हातात धरून बघत राहिले.

“कोना माणूस शे हाऊ?” बेबाबाईंनी विचारलं.

कुंदाने जागृतीला उंच धरलं, तिलाही तो लांबपर्यंत दिसावा म्हणून.

चाक बदलून बस निघाली, पण एरंडोलच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. जिनिंग कारखान्याच्या फाटकापासून पार मागेपर्यंत बैल रवंथ करत उभे होते. बस त्यांच्या शेजारून इंच इंच सरकत राहिली. एरंडोलच्या स्टँडवर बस शिरली तेव्हा लीलाधर कधीचा येऊन थांबलेला होता. सायकल त्या दणकट स्टँडवर उभी होती आणि तो तिच्या बाजूला, निकालाला उभा राहावा तसा. शर्ट अंगाला चिकटला होता, केस उभे झाले होते, चेहरा धुळीने भरला होता आणि त्या धुळीतून डोळे नुसते चमकत होते. तो बसच्या खिडक्या एकेक करून बघत होता.

कुंदाने जागृतीला बेबाबाईंच्या मांडीवर दिलं आणि ती खाली उतरली.

तिचं पाऊल जमिनीवर पडलेलं लीलाधरने पाहिलं. त्याने हँडलवरचा हात काढला. तो भांडला नाही. नुसती मान हलवली, आणि सायकल ठेवायला दुकान कुठलं बरं पडेल म्हणून रस्त्यापलीकडे बघू लागला. त्या माणसाचं सगळं उडणं एका क्षणात जमिनीवर आलेलं तिने पाहिलं, आणि आपल्या एका पावलात एवढी ताकद असू नये असं तिला वाटलं.

“पाना कुठं आहे?” ती म्हणाली.

“कशाला?”

“आधी ती टोपली काढा. मग हे झाकण. ते सारखं घासतंय, मला पारोळ्यापासून ऐकू येतंय.”

बस दहा मिनिटं थांबणार होती. तेवढ्यात टोपली निघाली, झाकण निघालं, डायनामो निघाला. मडगार्डच्या एका नटाशी लीलाधर झगडत होता तेव्हा कुंदाने पाना त्याच्या हातून घेतला आणि स्वतः फिरवला. कॅरिअर निघालं. स्टँड निघाला, आणि सायकलीला उभं राहायला काही उरलं नाही म्हणून कुंदाने ती स्वतःच्या कमरेला टेकवून धरली. ड्रायव्हर, कंडक्टर आणि निम्मी बस भोवती जमली होती. कोणी म्हणत होतं, वाया गेला, चांगला माल वाया गेला. कुंदाने घंटी तेवढी ठेवली. मग तिने एका हाताने सायकल उचलून पाहिली आणि ती वर आली.

“जा आता,” ती म्हणाली. “आणि माझ्याकडे बघू नका. रस्त्याकडे बघा.”

साज घेऊन ती बसमध्ये चढली. कॅरिअर मांडीवर, मडगार्डं काखेत, टोपलीत डायनामो, आणि डायनामोवर जागृती. बेबाबाईंनी मेथीची जुडी बाजूला घेऊन झाकणाला जागा करून दिली. मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी काखेतून सुटणारं मडगार्ड अदबीने धरलं. बस सुटली, पण पुढेही कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि गाव ओलांडायलाच तिला अर्धा तास गेला. कुंदा ड्रायव्हरच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघू लागली. केळीच्या बागा गेल्या, पाळधी गाव गेलं, तरी समोर कोणी दिसेना. एक ट्रक समोरून आला, दुसरा आला.

“दखाय नही राह्यना वं तुना माणूस,” बेबाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा काळजीचा होता. “कोठे राह्यना व्हई?”

कुंदाने मांडीवरचं कॅरिअर सरळ केलं. असा प्रश्न कोणी विचारला की तिच्या डोळ्यांसमोर एरवी लगेच काहीतरी उभं राहायचं: खड्डा, दवाखाना, गर्दी. तसं काही दिसण्याची वाट बघत ती थोडा वेळ थांबली. काहीच उभं राहिलं नाही. समोर फक्त रिकामा रस्ता होता, पार जळगावपर्यंत.

“आमचे ना,” ती म्हणाली, “पुढे गेलेत ते.”